हवालदार आजोबा

बोरघाट उतरून खोपोलीस आले की तेथून जवळच साजगाव लागते. रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यातील हे गाव. पाठीशी सह्याद्रीचे उंच कडे, पुढे भाताची खाचरे आणि जवळून वाहणारी पाताळगंगा, असा या परिसराचा थाट आहे. घाटमाथ्यावरील तलावांचे पाणी मोठमोठ्या नळांतून खाली सोडून खोपोली येथे १९१५ साली टाटांचे वीजकेंद्र सुरू झाले. वीज निर्माण करून मोकळे झालेले ते पाणी पुढे पाताळगंगेत येते. म्हणून ऐन वैशाखातही ही नदी आटत नाही. कार्तिकी एकादशीस येथे विठोबाची मोठी यात्रा भरते. संत तुकाराम महाराज मिरच्या विकण्यासाठी घाट उतरून या भागात आले होते, अशी कथा लोक भक्तिभावाने सांगतात. यात्रेत सुक्या मासळीचा मोठा बाजार भरतो, आणि येथील देवाला लोक लाडाने ‘बोंबल्या विठोबा’ म्हणतात.

या गावी एक वृद्ध गृहस्थ राहत असत. त्यांचे खरे नाव कागदोपत्री काय असेल ते असो. लहानथोर सारे त्यांना ‘हवालदार आजोबा’ म्हणूनच हाक मारीत. उंच, सडसडीत बांधा, पांढऱ्याशुभ्र मिशा, गुडघ्यापर्यंत धोतर आणि अंगात वर्षानुवर्षे धुऊन फिका पडलेला खाकी सदरा, अशी त्यांची मूर्ती होती. तारुण्यात ते सैन्यात होते, आणि सैन्यातून परतल्यावर जन्मभर त्यांनी गवंडीकाम केले. त्यांच्या खोलीत एका खुंटीवर सैन्यातील पट्टा आणि दुसऱ्या खुंटीवर गवंड्याची पिशवी टांगलेली असे. पिशवीत थापी, गुण्या, पाणसळ आणि पितळेचा ओळंबा ही आयुधे असत. पट्ट्याला वर्षातून दोनदा तेल लागे. थापी मात्र रोज घासून लख्ख केली जाई.

आजोबांना एक सवय होती. दिवेलागणीच्या वेळी ते अंगणात येऊन उभे राहत आणि घरात डोकावून विचारीत, “सगळे आले का?” मुले आली का, रानात गेलेली सून आली का, गुरे गोठ्यात शिरली का, याची खात्री झाल्यावाचून ते पाटावर बसत नसत. यात्रेत गेले तरी परत निघताना ते बरोबरची माणसे बोटांवर मोजीत. घरचे लोक हसून म्हणत, “आजोबांची पलटण सुटली, पण हजेरी घेणे काही सुटले नाही!” आजोबाही हसत, परंतु सवय त्यांनी कधी मोडली नाही.

गवंडीकामाचे बाळकडू त्यांना वडिलांकडून मिळाले होते. वडील त्यांना पुष्कळदा खोपोलीस घेऊन जात. तेथे नाना फडणीसांनी बांधविलेला जुना तलाव आहे. त्याच्या काठावर बसून वडील मुलाला दगडांची रचना दाखवीत. कोणता दगड कोणत्या दगडावर भार टाकतो, सांधा एकाखाली एक का येऊ द्यायचा नाही, पाण्याच्या पोटात बसविलेला दगडही वरच्या दगडाइतकाच नीट का घडवावा लागतो, हे सारे त्या मुलाने पुस्तकाऐवजी त्या काठावर शिकून घेतले.

तेथून बोरघाटातील आगगाडीचा मार्ग दृष्टीस पडे. १८५६ साली या मार्गाचे काम सुरू झाले आणि १८६३ साली घाटातून गाडी धावू लागली. हजारो मजुरांनी कडे फोडले, बोगदे खणले, दऱ्यांवर कमानी उभ्या केल्या. कित्येक जण पटकीच्या साथीत आणि अपघातांत दगावले. घाटात शिंगरोबाचे एक लहानसे देऊळ आहे. साहेबांना डोंगरातून वाट सापडेना, तेव्हा शिंगरोबा नावाच्या धनगराने ती दाखविली, अशी लोककथा आहे. वडील म्हणत, “वाट दाखविणाऱ्याचे निदान देऊळ तरी झाले. वाट बांधणाऱ्यांची नावे कोणास ठाऊक आहेत? पण गाडी त्यांच्याच कामावरून जाते.” हे बोल मुलाच्या मनात खोल रुजले.

पुढे दुसरे महायुद्ध पेटले. १९४० साली हा तरुण खडकीस जाऊन सैन्यात भरती झाला. त्याला दगडाचे आणि लोखंडाचे काम येते हे पाहून त्याला ‘सफरमैना’ पलटणीत घेण्यात आले. सफरमैना म्हणजे सैन्यातील बांधकाम करणारे शिपाई. सैन्य पुढे निघाले की त्याच्याही पुढे जाऊन रस्ता मोकळा करायचा, नदी आली तर पूल उभारायचा, शत्रूने पेरलेले सुरुंग शोधून काढायचे. आणि सैन्य मागे हटू लागले की सर्वांच्या शेवटी राहून आपणच बांधलेला पूल उडवून द्यायचा, हे त्यांचे काम. म्हणजे एका हाताने बांधायचे आणि वेळ आली तर त्याच हाताने मोडायचे. बांधण्याच्या गोष्टी आजोबा मोठ्या रंगात येऊन सांगत. मोडण्याची गोष्ट मात्र त्यांच्या तोंडून कोणी ऐकली नव्हती.

पावसाळ्यात रात्री चुलीपाशी नातवंडांचा गराडा पडला की चिंदविन नदीवरच्या पुलाची गोष्ट हमखास निघे. चिंदविन ही ब्रह्मदेशातील मोठी नदी. ब्रह्मदेशालाच आज म्यानमार म्हणतात. १९४४ च्या डिसेंबरात कलेवा या गावापाशी तिच्यावर ११५४ फूट लांबीचा तरंगता पूल उभा राहिला. त्या काळी जगातील सर्वांत लांब बेली पूल तोच होता. डोनाल्ड बेली नावाच्या इंग्रज स्थापत्यविशारदाने या जातीचा पूल शोधून काढला म्हणून त्याला हे नाव मिळाले. आजोबा चुलीतील काटक्या घेऊन त्याची रचना करून दाखवीत.

“हे बघा, लोखंडाची एक चौकट. दहा फूट लांब, पाच फूट उंच. वजन म्हणाल तर तीन भाताच्या गोण्यांइतके! पण सहा जणांनी दम धरून उचलली की उचलते. एकीला दुसरी लावायची, भोकात भोक जुळवायचे आणि जाड खिळा ठोकायचा. यारी नको, मोठे यंत्र नको. माणसांचे खांदे आणि एकमेकांवरचा विश्वास, एवढे पुरे. सहांतील एकाने जरी मध्येच हात सोडला, तरी उरलेल्या पाचांचे पाय मोडलेच म्हणून समजा!”

“मग कोणी हात सोडला का?” असे एखादे नातवंड विचारी.

“छे! कसा सोडील? प्रत्येकाला दुसऱ्याचे पाय दिसत होते ना!”

त्यांची दुसरी आवडती गोष्ट रामा राघोबा राणे यांची. कारवारजवळील चेंडिया गावच्या घराण्यातील हा वीर १९४० सालीच सफरमैनांत दाखल झाला होता. १९४८ च्या एप्रिलात जम्मू भागात नौशेऱ्याहून राजौरीकडे आपले सैन्य निघाले. शत्रूने वाटेत सुरुंग पेरले होते, झाडे आडवी पाडली होती, लहान पूल उडवून दिले होते. रणगाड्यांना पुढे सरकण्यास जागा नव्हती. ८ एप्रिल रोजी राणे आपल्या तुकडीसह सुरुंग काढू लागले, तोच शत्रूने तोफगोळ्यांचा मारा सुरू केला. दोन जवान जागीच पडले, पाच घायाळ झाले. त्या घायाळांत स्वतः राणेही होते. तरी त्यांनी काम थांबविले नाही. रणगाड्याच्या आडोशाने, प्रसंगी त्याच्या पोटाखालून सरपटत ते पुढे जात आणि दोरी ओढून आतल्या चालकाला कोठे वळावे याची खूण देत. ११ एप्रिलपर्यंत असा अहोरात्र खटाटोप करून त्यांनी वाट मोकळी केली आणि १२ तारखेस सैन्य राजौरीस पोहोचले. या पराक्रमाबद्दल त्यांना परमवीर चक्र देण्यात आले. हा सर्वोच्च सन्मान हयातीत स्वीकारण्याचे भाग्य त्यांना लाभले. १९९४ साली पुण्यात त्यांचे निधन झाले, आणि २०२३ साली अंदमानातील एका बेटाला त्यांचे नाव देण्यात आले.

ही गोष्ट संपली की आजोबा मिशीवरून हात फिरवून म्हणत, “लक्षात ठेवा, हे चक्र वाट करून दिल्याबद्दल मिळालेले आहे!”

महायुद्ध संपले आणि १९४६ साली आजोबा घरी आले. खडकीहून गाडीने घाट उतरताना त्यांनी खिडकीतून दरीवरच्या कमानी डोळे भरून पाहिल्या. गावी आल्यावर आठ दिवसांतच त्यांनी वडिलांची पिशवी खांद्याला लावली. पंचक्रोशीत त्यांनी किती घरे, किती विहिरी आणि किती बांध बांधले याची मोजदाद नाही. त्यांच्या कामाची रीत ठरलेली होती. पाया खणला की ते स्वतः आत उतरत, पहारेने तळ ठोकून पाहत आणि समाधान झाले नाही तर आणखी हातभर खणावयास लावीत. धनी कुरकुरला तर म्हणत, “वरचा खर्च लोकांना दिसतो, खालचा फक्त पावसाला दिसतो. आणि परीक्षा पाऊसच घेणार आहे.”

एकदा धाकटा नातू त्यांच्याबरोबर कामावर गेला होता. एका भिंतीचा आठवा थर चालू होता. आजोबांनी ओळंबा सोडून पाहिला आणि ते क्षणभर गप्प झाले. भिंत सुताभर कलली होती. नातवाला तर काहीच दिसेना. “आजोबा, एवढेसे कोणाला कळणार आहे?” असे तो म्हणाला. आजोबांनी काही न बोलता वरचे तीन थर उतरविले, दगड धुतले आणि पुन्हा रचावयास घेतले. त्या दिवसाची मजुरी त्यांनी घेतली नाही. सायंकाळी घरी येताना ते म्हणाले, “तुला कळले नाही, धन्याला कळले नाही, पण ओळंब्याला कळले होते. आपण त्याला विचारले आणि त्याने खरे ते सांगितले. मग ऐकायला नको का?”

अशी वर्षे चालली होती. १९७५ च्या सुमाराची गोष्ट. आजोबांच्या वाडीपासून शाळेकडे जाणाऱ्या वाटेवर एक ओढा आडवा येतो. उन्हाळ्यात त्यात घोटाभरही पाणी नसते. पण सह्याद्रीच्या कड्यावर पाऊस कोसळला की तोच ओढा पाहता पाहता लाल, गढूळ पाण्याने फुगतो. ओढ्यावर तेव्हा सुरमाडाची दोन खोडे टाकलेली होती. दर पावसाळ्यात ती वाहून जात आणि दर दिवाळीला नवी टाकली जात.

आषाढातील एका दुपारी आभाळ फाटल्यासारखा पाऊस झाला. शाळा सुटली तेव्हा खोडे केव्हाच वाहून गेली होती. वाडीची पाच मुले पलीकडच्या काठावर अडकली. धाकटा नातू त्यांच्यातच होता. अलीकडे आया रडू लागल्या. दोन तरणे गडी कंबर कसून पाण्यात उतरावयास निघाले. आजोबांनी त्यांचे दंड घट्ट धरले. “पाण्यात पाय घालायचा नाही!” ते कडाडले. पलटणीतील हवालदाराचा आवाज त्या दिवशी गावाने प्रथमच ऐकला. मुलांना हाक मारून सांगावे, तर ओढ्याच्या गर्जनेपुढे हाक कोठली ऐकू जाणार? आजोबांनी कंदील मागविला. तो उंच धरून त्यांनी शाळेच्या दिशेने दोन वेळा, तीन वेळा हलविला. पलीकडच्या मुलांना खूण उमगली. मुले माघारी फिरली आणि गुरुजींनी त्यांना शाळेतच ठेवून घेतले.

मुले सुखरूप आहेत हे सर्वांना कळले. माणसे घरी गेली. आजोबा मात्र गेले नाहीत. डोक्यावर इरले घेऊन, हातात कंदील धरून ते रात्रभर ओढ्याच्या काठी उभे राहिले. शाळेच्या खिडकीतून मुलांना तो मिणमिणता दिवा दिसत होता. तो पाहत पाहतच ती झोपी गेली. पहाटे पाणी ओसरले. गुरुजी मुलांना घेऊन आले. एकेक मूल अलीकडे आले तसे आजोबांनी एकेक बोट मिटले. पाचवे बोट मिटले तेव्हा ते मटकन खाली बसले आणि ओंजळीत तोंड लपवून रडू लागले.

घरी आल्यावर नातवाने भीतभीत विचारले, “आजोबा, आम्ही शाळेत आहोत हे तुम्हाला ठाऊक होते ना? मग तुम्ही रात्रभर का उभे राहिलात?”

आजोबा बराच वेळ बाहेर पाहत राहिले. मग जी गोष्ट त्यांनी तीस वर्षांत कोणास सांगितली नव्हती, ती त्या बारा वर्षांच्या मुलाला सांगितली.

१९४२ चा फेब्रुवारी महिना होता. जपानी सैन्य ब्रह्मदेशात वेगाने पुढे येत होते आणि आपले सैन्य मागे हटत होते. वाटेत सितांग नावाची रुंद, वेगवान नदी होती. तिच्यावर आगगाडीचा एकच लोखंडी पूल होता. तो शत्रूच्या हाती पडला असता तर रंगूनचा रस्ता त्याला मोकळा झाला असता. म्हणून पुलाला सुरुंग लावून ठेवले होते. आपले सर्व लोक पार झाले की तो उडवायचा, असे ठरले होते. परंतु रात्रीच्या अंधारात, लढाईच्या धुमश्चक्रीत, शत्रू पुलापर्यंत येऊन भिडला. पूल आणखी किती वेळ राखता येईल हे कोणालाच सांगता येईना. अखेर २३ फेब्रुवारीच्या पहाटे साडेपाचच्या सुमारास पूल उडविण्यात आला. त्या वेळी सैन्याचा फार मोठा भाग पलीकडच्याच काठावर होता. साजगावचा हा तरुण त्यांतलाच एक.

“आवाज झाला आणि सगळीकडे एकदम शांत झाले,” आजोबा म्हणाले. “आम्ही काय ते समजलो. मी स्वतः सुरुंग लावणारा माणूस. तो आवाज मला ओळखू येणार नाही का?”

दिवस उजाडल्यावर शेकडो शिपायांनी नदीत उड्या घेतल्या. कोणी बांबूंचे तराफे केले, कोणी रिकाम्या डब्यांचा आधार घेतला. कित्येकांना पोहता येत नव्हते. आजोबांबरोबर त्यांचा एक सोबती होता. दोघे एका दिवशी भरती झाले होते, एका ताटात जेवले होते. त्याला पोहता येत नव्हते. दोघांनी बांबूंची एक मोळी बांधली आणि तिला धरून ते प्रवाहात शिरले. मध्यावर आल्यावर मोळीचा बंध तुटला. आजोबांच्या हाती एक बांबू राहिला आणि सोबत्याच्या हाती दुसरा. पाण्याने दोघांना दोन दिशांस नेले. “त्याने मला एकदा हाक मारली,” एवढेच आजोबा म्हणाले. पुढचे त्यांनी सांगितले नाही आणि नातवाने विचारले नाही.

अलीकडच्या काठावर हजेरी घेण्यात आली. नावे पुकारली जात होती आणि पुष्कळ नावांना उत्तर येत नव्हते. जे पोहोचले त्यांतील बहुतेकांच्या पायांत बूट नव्हते. सुमारे चौदाशे जणांच्याच हाती बंदुका उरल्या होत्या. तेथून ते सैन्य पायपीट करीत, सुमारे ९०० मैलांची माघार घेऊन हिंदुस्थानच्या सरहद्दीवर पोहोचले.

नातवाच्या डोळ्यांत पाणी आले. तो रागाने म्हणाला, “पूल उडविणारा दुष्टच होता!”

“नाही बाळा,” आजोबा शांतपणे म्हणाले. “तोही माझ्यासारखाच सफरमैना होता. त्याने हुकूम पाळला. पूल ठेवला असता तर कदाचित आणखी माणसे मेली असती. त्याच्या जागी मी असतो तर काय केले असते, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारले आहे. उत्तर सापडत नाही. पण एक गोष्ट मला त्या दिवशी कळली. पूल असतो तोवर नदीला दोन काठ आहेत हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. तो मोडला की मग ‘अलीकडचे’ आणि ‘पलीकडचे’ अशी माणसे वेगळी होतात.”

थोडे थांबून ते म्हणाले, “या ओढ्यावर आता पक्का साकव बांधायचा.”

कोकणात लहान ओढ्यावरच्या पुलाला साकव म्हणतात. त्या वेळी आजोबांनी पन्नाशी केव्हाच ओलांडली होती. पण दसरा होताच ते कामाला लागले. प्रथम त्यांनी ओढ्याच्या दोन्ही काठांनी फिरून झाडांच्या फांद्यांत अडकलेला पालापाचोळा पाहिला. पुराचे पाणी कोठवर चढते, हे त्या पाचोळ्यावरून त्यांनी ताडले. गावातील काहींचे म्हणणे होते की साकव वाटेच्या सोयीने खालच्या अंगाला, माती मऊ आहे तेथे बांधावा. खणणे सोपे जाईल. आजोबांनी वरच्या अंगाची, उघड्या कातळाची जागा निवडली. “वाट पन्नास पावले वळेल,” ते म्हणाले, “पण कातळ काही वळून आपल्याकडे येणार नाही.”

पैसा थोडा होता. आजोबांनी साठविलेली रक्कम पुढे ठेवली, आणि प्रत्येक घराने एकेका माणसाचे श्रम दिले. ओढ्यातलाच काळा दगड फोडून घडविला गेला. मधल्या दोन खांबांना आजोबांनी वरच्या प्रवाहाच्या बाजूने नावेच्या नाकासारखे टोक दिले. त्यामुळे येणारे पाणी खांबाला धडका न देता दोन्हीकडे विभागून जाते. कामावर येणाऱ्या मुलांना ते हे सारे समजावून सांगत आणि त्यांच्याकडून दगड मोजून घेत.

वाद झाला तो कठड्यावरून. गावकऱ्यांना दोन्ही बाजूंना भक्कम दगडी कठडा हवा होता, आणि त्यात ‘हवालदारांनी बांधला’ अशी संगमरवरी पाटी बसवायची होती. आजोबांनी दोन्ही गोष्टींना नकार दिला. “अरे, मोठा पूर आला तर पाणी साकवावरून जाणार. भिंत घातली की पाण्याला अडसर होईल. मग ते भिंतीसकट साकव घेऊन जाईल. पाण्याला वाट द्या, म्हणजे ते तुमची वाट ठेवील.” म्हणून त्यांनी अंतराअंतरावर लोखंडी नळ्या रोवल्या आणि त्यांतून आडवे गज ओवले. पाटीविषयी ते म्हणाले, “घाटातल्या कमानींवर कोणाची नावे आहेत? माझे नाव वाचायला मुले मध्येच थांबतील आणि शाळेला उशीर होईल!”

पुढच्या ज्येष्ठात साकव पुरा झाला. नारळ फोडला गेला आणि पहिल्याने शाळेची मुले पलीकडे गेली. त्या दिवसापासून शाळा सुटण्याच्या वेळी आजोबा साकवाच्या अलीकडच्या टोकाशी एका धोंड्यावर बसलेले दिसू लागले. मुले हुंदडत, ओरडत, एकमेकांना ढकलत साकवावरून येत. शेवटचे मूल आले की आजोबा उठत, काठी उचलत आणि घरची वाट धरीत. हा क्रम त्यांच्या अखेरच्या आजारापर्यंत चालला.

आजोबा गेले त्यानंतर काही वर्षांनी, २६ जुलै २००५ रोजी, मुंबईवर आणि कोकणावर प्रलयासारखा पाऊस कोसळला. रायगड जिल्ह्यात कित्येक ठिकाणी दरडी कोसळल्या, रस्ते खचले, घरे वाहून गेली. साजगावचा तो ओढाही पूर्वी कधी नव्हता इतका चढला. साकव पाण्याखाली दिसेनासा झाला. वरून मोठमोठी झाडे वाहत येत होती. साकव गेला असेच सर्वांनी धरले. तिसऱ्या दिवशी पाणी उतरले. लोखंडी नळ्या वाकल्या होत्या, गज बेपत्ता झाले होते, काठचा एक दगड निखळला होता. पण दोन्ही खांब आणि त्यांवरची वाट जशीच्या तशी होती. एव्हाना धाकटा नातू स्वतः मुलाबाळांचा झाला होता. त्याने आजोबांच्या पिशवीतील ओळंबा आणला आणि खांबाशी सोडून पाहिला. दोरी आणि दगड यांत सुताचेही अंतर पडले नव्हते.

नव्या नळ्या बसविण्यात आल्या, निखळलेला दगड पुन्हा जागेवर गेला आणि साकव पूर्ववत वापरात आला. आज वाडीची जी मुले त्यावरून शाळेत जातात, त्यांपैकी बहुतेकांनी हवालदार आजोबांना पाहिलेले नाही. सितांग नदीचे नावही त्यांच्या कानांवर आलेले नाही. खाली लाल पाणी गर्जत असते आणि वरून ती आपल्याच गप्पांत दंग होऊन निघून जातात. साकवाकडे ती ढुंकूनही पाहत नाहीत. आजोबांना त्याचे वाईट वाटले नसते. आपण कशावरून चाललो आहोत याचा विचारही मुलांना करावा लागू नये, एवढ्यासाठीच तर त्यांनी तो इतका विचार करून बांधला होता.